पावसाची वही आणि नम्पायचा अ‍ॅरे: सत्तरीतल्या एका कुळागरातील प्रकल्प नोंदी

२ मे २०२५

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९१ ते २०२० अशी सलग तीस वर्षे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पर्जन्यमापकाचे रोजचे मोजमाप वहीत लिहून ठेवले आहे. दर वर्षाला एक पान, पानावर १ ते ३१ तारखांच्या ओळी आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार रकाने, तळाला लाल शाईने महिन्याची बेरीज. ही वही संगणकावर आणायची आणि तिच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, एवढेच काम मी सुट्टीसाठी हाती घेतले आहे.

प्रश्न असा आहे. पोफळींना पावसाळ्यात कोळेरोग लागतो आणि कोवळी सुपारी कुजून गळते. त्यावर बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची) पहिली फवारणी पावसाआधी करतात. दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी येते, म्हणजे नेमकी धो धो पावसात. फवारा पानांवर आणि घोसांवर टिकायचा असेल तर निदान दोन दिवस कोरडे मिळायला हवेत. पोफळीवर चढून फवारणारी माणसे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांना आधी सांगून ठेवावे लागते. म्हणून २० जुलै ते १५ ऑगस्ट या काळात सलग दोन कोरडे दिवस तीस वर्षांपैकी किती वर्षांत मिळाले, हे मला हवे आहे.

मी उच्च माध्यमिकला गणित शिकवते. पायथन ही संगणकाची भाषा जुजबी येते; नम्पाय, म्हणजे तिच्यात आकड्यांचे तक्ते (त्यांना अ‍ॅरे म्हणतात) हाताळणाऱ्या आज्ञांचा संच, मात्र पहिल्यांदाच वापरणार आहे. दुसऱ्या कोणाला आपल्या घरची वही अशीच संगणकावर आणायची असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आजचा खर्च: वहीच्या तीस पानांच्या झेरॉक्स, ९० रुपये. मूळ वही रोज हाताळून खराब होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. या झेरॉक्समुळे पुढे काय घडले ते ८ जूनच्या नोंदीत आहे.

११ मे २०२५

नऊ संध्याकाळी लागल्या, पण सर्व आकडे टंकून झाले. दर वर्षाची एक फाइल केली असून तिच्यात ३१ ओळी आणि स्वल्पविरामाने वेगळे केलेले चार रकाने आहेत.

फाइली वाचायला जेनफ्रॉमटेक्स्ट ही नम्पायची आज्ञा वापरली आणि पहिल्याच फाइलीला चूक आली: अमुक ओळीत चारऐवजी पाच रकाने सापडले. कारण पाहिले तेव्हा समाधानही वाटले आणि कामही वाढले. मामंजींचे शिक्षण पोर्तुगीज काळातले, त्यामुळे ते दशांशचिन्ह म्हणून बिंदू न देता स्वल्पविराम देतात. त्यांचे १२,४ म्हणजे १२.४ मिलिमीटर. मी बहुतेक ठिकाणी बिंदू टंकला होता, पण दमलेल्या संध्याकाळी वहीत दिसले तसेच उतरवले होते. संगणकाने त्या आकड्याचे बारा आणि चार असे दोन रकाने केले. एकूण ४१ ठिकाणी दुरुस्ती केली.

दुसरी अडचण «शिंतोडे» या शब्दाची होती. पर्जन्यमापकात मोजण्याइतके पाणी साचले नाही पण पाऊस शिंपडून गेला, अशा दिवशी मामंजींनी हा शब्द लिहिला आहे आणि मीही तो तसाच टंकला होता. जेनफ्रॉमटेक्स्टला ज्याची संख्या करता येत नाही तिथे ते निमूटपणे नॅन घालते, म्हणजे «इथे संख्या नाही» अशी खूण. वहीतल्या कोऱ्या रकान्यांनाही नॅनच मिळते. शिंतोडे पडले हे आपल्याला माहीत आहे, कोऱ्या दिवशी काय झाले हे माहीत नाही, आणि अ‍ॅरेमध्ये मात्र दोन्ही एकसारखे दिसतात. सगळ्या फाइलींत शिंतोड्यांच्या जागी ०.०५ लिहिले. हा आकडा मी ठरवलेला आहे. तो शून्य नाही आणि मोजपट्टीवरच्या ०.१ पेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

१५ मे २०२५

तीस वर्षांच्या फाइली एकावर एक रचून एक अ‍ॅरे केला. त्याचा शेप, म्हणजे आकार, ३०, ३१, ४ असा आला: वर्षे, तारखा, महिने. मला दर वर्षाची एक सलग ओळ हवी होती, म्हणून रिशेप ही आकार बदलणारी आज्ञा वापरून ३० गुणिले १२४ असा आकार दिला. कसलीही चूक आली नाही, आकार हवा तसा मिळाला आणि मी त्यावर तीन दिवस पुढचे काम केले.

ते तीन दिवस वाया गेले. रिशेप आकडे हलवत नाही. आहेत त्याच क्रमाने, म्हणजे ओळीमागून ओळ, ते नव्या आकारात मोजून बसवते. माझ्या पानाची पहिली ओळ म्हणजे १ जून, १ जुलै, १ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर. त्यामुळे माझ्या «सलग» ओळीत १ जूनच्या शेजारी १ जुलै येऊन बसला होता. महिन्याच्या बेरजा घेण्याइतपत मी पुढे गेले नव्हते आणि हंगामाची बेरीज तर क्रम कसाही असला तरी तीच येते, म्हणून हे लक्षात आले नाही. आज सहज म्हणून वहीतल्या दहा तारखा निवडून त्या अ‍ॅरेमध्ये शोधल्या, तेव्हा दहापैकी एकच जुळली, ती १ जूनची.

दुरुस्ती: आधी तारीख आणि महिना या दोन अक्षांची, म्हणजे तक्त्याच्या दोन दिशांची, अदलाबदल करून शेप ३०, ४, ३१ करायचा आणि मगच रिशेप करायचे. त्यानंतर दहाच्या दहा जुळल्या. आता मी आकार बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेनंतर वहीतल्या तीन तारखा ताडून पाहते. एक मिनिट लागते.

१८ मे २०२५

३१ जून आणि ३१ सप्टेंबर या तारखा नसतातच, तेव्हा १२४ पैकी दोन रकाने काढून १२२ ठेवायचे होते. मोजणी शून्यापासून असल्याने ते ३० आणि १२३ या क्रमांकांवर आहेत. डिलीट ही आज्ञा अक्ष न सांगता दिली आणि साऱ्या तक्त्याची ३,७१९ आकड्यांची एकच लांब माळ झाली. अक्ष सांगितल्यावर एक रकाना नीट गेला, पण ३० क्रमांकाचा गेल्याबरोबर मागचे सगळे एक घर पुढे सरकले आणि १२३ क्रमांक उरलाच नाही. दोन्ही क्रमांक एकाच आज्ञेत दिल्यावर काम झाले.

काढण्यापूर्वी एक तपासणी केली आणि ती केली म्हणून मला अजूनही बरे वाटते. नसलेल्या तारखांच्या साठ जागांवर नॅनच असायला हवे होते. २००३ च्या ३१ सप्टेंबरला मात्र ३०.२ मिलिमीटर पाऊस होता. शोधले तेव्हा हाही स्वल्पविरामच निघाला: ३१ तारखेच्या ओळीत जुलैचा आकडा मी १२,४ असा टंकला होता आणि त्याच ओळीच्या शेवटचा रिकामा रकाना टंकायचा विसरले होते. एक रकाना वाढला आणि एक कमी झाला, त्यामुळे रकाने बरोबर चार भरले आणि वाचताना चूक आलीच नाही. जुलैला १२, ऑगस्टला ४ आणि ऑगस्टचा खरा पाऊस नसलेल्या तारखेला, असे आकडे सरकले होते. मी तो रकाना न पाहता काढून टाकला असता तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला असता.

२७ मे २०२५

आठवडाभर काहीच झाले नाही. मे संपण्यापूर्वीच यंदा मोसमी पाऊस गोव्यात दाखल झाला. पहिल्या फवारणीची धावपळ झाली, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना या मापाने पिंपे भरून तयार होती आणि अर्ध्या पोफळी तशाच राहिल्या. वीज दोन दिवस नव्हती. माझा अ‍ॅरे १ जूनपासून सुरू होतो, कारण वहीच १ जूनपासून सुरू होते. अशा वर्षाचा मे महिना तिच्यात मावत नाही याची नोंद करून ठेवते.

१ जून २०२५

हंगामाच्या बेरजा काढल्या आणि तीसपैकी बऱ्याच वर्षांची बेरीज ऋण आली. एका वर्षी उणे २,५४१.० मिलिमीटर!

चूक माझ्या एका काटकसरीच्या निर्णयाची आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजले तर मापकावर मोजलेले सगळे आकडे पूर्णांक होतात आणि दोन बाइटचा इन्ट सोळा हा डीटाइप, म्हणजे आकडे साठवण्याचा प्रकार, वापरून जागा वाचते, असा विचार करून मी तसे केले होते. त्या प्रकारात ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. एका दिवसाचा पाऊस त्यात सहज बसतो. पण मी दिवसांची बेरीज त्याच प्रकारच्या अ‍ॅरेमध्ये एकेक रकाना मिळवत करत होते आणि ३२,७६७ म्हणजे ३,२७६.७ मिलिमीटर. सत्तरीत चार महिन्यांत त्याहून अधिक पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. त्या वर्षीची खरी बेरीज ४,०१२.६ मिलिमीटर, म्हणजे ४०,१२६. त्यातून ६५,५३६ वजा जाऊन उणे २५,४१० उरले. नम्पायने कोणताही इशारा दिला नाही. कमी पावसाच्या प्रदेशातल्या आकड्यांवर हीच आज्ञा कायम बरोबर चालली असती.

नम्पायची स्वतःची सम ही आज्ञा अशा वेळी आपणहून मोठा प्रकार वापरते, त्यामुळे ती वापरली असती तर चूक झाली नसती. मी स्वतः लूप (एकच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) लिहिले, म्हणून झाली. आणि वाचवली किती जागा? ३० गुणिले १२२ म्हणजे ३,६६० आकडे. आठ बाइटच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) २९,२८० बाइट, मी केले त्यात ७,३२०. फोनमधल्या एका छायाचित्राहून दोन्ही कितीतरी लहान आहेत.

पूर्णांकाच्या प्रकाराचा आणखी एक तोटा होता. त्यात नॅन ठेवता येत नाही, म्हणून कोऱ्या दिवसांना मी उणे १ लिहिले होते आणि ते बेरजेत मिसळत होते. सर्व परत फ्लोटमध्ये आणले, कोऱ्या जागी नॅन ठेवले आणि बेरजेसाठी नॅन सोडून बेरीज करणारे नॅनसम घेतले.

८ जून २०२५

फ्लोटमध्ये आल्यावर २००७ ची बेरीज ७,३३८.८ मिलिमीटर आली. आधीच्या चुकीच्या तक्त्यात हेच वर्ष ७८५.२ दिसत होते: दोनदा न मावण्याइतकी मोठी संख्या गुंडाळली जाऊन पुन्हा धन झाली होती. ऋण आकडे डोळ्यांना खुपले, पण हा धन होता म्हणून मी त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

७,३३८.८ हा आकडा मामंजींना दाखवला. ते म्हणाले, «अगो, त्या वर्षी पाणी मोजायचा पेला फुटला होता. पानाच्या मागे लिहून ठेवलंय मी.» झेरॉक्स काढताना मी पानांची पुढचीच बाजू घेतली होती. मूळ वही उघडली, मागे स्वच्छ अक्षरात होते: «नवा पेला दुसऱ्या मापाचा. या वर्षीचे आकडे निम्मे धरावेत.» पर्जन्यमापक १०० आणि २०० चौरस सेंटीमीटर अशा दोन तोंडांचे मिळतात. आमचा २०० चा आहे, त्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. नवा पेला १०० च्या मापकाचा होता, त्यावर १० मिलिलिटरलाच एक मिलिमीटरची खूण. म्हणून त्या हंगामातला प्रत्येक आकडा दुप्पट आहे. उरलेल्या २९ पानांच्या मागच्या बाजू आज बसून वाचल्या.

निम्मे करणे सोपे असायला हवे होते. पाऊस या अ‍ॅरेमधली १६ क्रमांकाची ओळ «वर्ष» या नावाने वेगळी काढली आणि आधी प्रयोग म्हणून तिलाच दोनने भागले. मूळ तक्ता सुरक्षित आहे असे मी धरून चालले होते. ज्युपिटर नोटबुकमधला (तिथे आज्ञा कप्प्याकप्प्याने लिहून चालवतात) तोच कप्पा, खालची आकृती नीट करण्यासाठी, आणखी दोनदा चालवला. शेवटी पाहिले तर मूळ तक्त्यातच २००७ ची बेरीज ९१७.३५ झाली होती, म्हणजे आठवा हिस्सा.

अ‍ॅरेचा तुकडा काढला की नम्पाय त्याची प्रत करत नाही, त्याच आकड्यांकडे बघण्याची दुसरी खिडकी उघडून देते. पायथनच्या साध्या यादीचा तुकडा ही वेगळी यादी असते, त्या सवयीने मी फसले. आता प्रयोगासाठी घेतलेल्या प्रत्येक तुकड्याला कॉपी लावते. दुरुस्त्या करणारा कप्पा दर वेळी फाइलींतून नवा अ‍ॅरे वाचूनच सुरू होतो, त्यामुळे तो कितीदाही चालवला तरी भागाकार एकदाच होतो. दुरुस्तीनंतर २००७ ची बेरीज ३,६६९.४.

१० जून २०२५

हे पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. लाल शाईतल्या १२० मासिक बेरजा टंकून माझ्या बेरजांशी ताडल्या. ११३ जुळल्या. पाच ठिकाणी माझे टंकन चुकले होते, दोन ठिकाणी मामंजींचा हातचा राहिला होता. ते दोन त्यांनी स्वतः वहीत दुरुस्त केले आणि खाली आजची तारीख घातली.

१४ जून २०२५

कोऱ्या दिवसांचा विचार आज केला. तीस वर्षांत असे ३७ दिवस आहेत. मी नॅनमीन वापरून दर तारखेची सरासरी काढली होती; ती कोरा दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी घेते, आणि ते मला रास्त वाटले होते. पण वहीत या दिवसांची जागा पाहिली तर ते दोन-दोन, तीन-तीन असे सलग येतात आणि त्यांच्या लगेच पुढे एक फार मोठा आकडा असतो. मामंजींना विचारले. नदीचे पाणी कुळागरात शिरले की मापकापर्यंत जाता येत नसे; पाणी ओसरल्यावर जाऊन साचलेले सगळे एकदम मोजत. म्हणजे माहिती नेमकी सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशीच नाही, आणि पुढचा आकडा एका दिवसाचा नसून तीन दिवसांचा आहे.

त्यामुळे एकच नियम सर्वत्र लावता येत नाही. हंगामाच्या बेरजेत नॅनला शून्य धरणे बरोबर आहे, कारण तो पाऊस पुढच्या आकड्यात आलेला आहे. एका दिवसातला सर्वाधिक पाऊस शोधताना मात्र हे साठलेले आकडे वगळायला हवेत. सरासरीतून कोरा दिवस वगळून साठलेला आकडा तसाच ठेवला तर पाऊस फुगतो. मी या साठलेल्या आकड्यांसाठी त्याच शेपचा, खरे-खोटे एवढेच सांगणारा दुसरा अ‍ॅरे केला आहे. पुराची आठवण मामंजींना वर्षानुसार आहे. त्यांच्याकडून एकेक दिवस विचारून घेत तो भरायला दोन संध्याकाळी गेल्या.

२१ जून २०२५

मूळ प्रश्नाकडे आले. आधी कोरडा दिवस म्हणजे काय ते ठरवावे लागले. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. ती मर्यादा घेतली तर दोन मिलिमीटरचा दिवसही कोरडा ठरतो, आणि तेवढ्या पावसाने ताजी फवारणी धुऊन जाऊ शकते असे मामंजींचे ठाम म्हणणे आहे. म्हणून कोरडा म्हणजे बरोबर शून्य. शिंतोड्यांना ०.०५ दिल्याचा इथे उपयोग झाला.

नॅन कशाच्या समान, कशाहून मोठा किंवा लहान आहे का असे विचारले की उत्तर «खोटे» येते: तो शून्य आहे का, नाही, शून्याहून मोठा आहे का, तरीही नाही. म्हणून कोरडे आणि ओले दिवस मिळून ३,६६० व्हायला हवे होते ते ३,६२३ झाले. फरक ३७, म्हणजे कोरे दिवस. ते पुराचे आहेत हे माहीत असल्याने त्यांना ओले धरले.

सलग जोडीसाठी लूप लागत नाही. शेवटचा दिवस सोडून घेतलेला तुकडा आणि पहिला दिवस सोडून घेतलेला तुकडा एकमेकांवर ठेवायचे. दोन्हीकडे «खरे» असेल तिथे जोडी. पायथनचा अँड हा शब्द इथे चालत नाही, संपूर्ण अ‍ॅरे खरा की खोटा हे ठरवता येत नाही अशी चूक येते. त्याऐवजी अँपरसँडचे (&) चिन्ह वापरायचे आणि दोन्ही बाजूंच्या तुलना कंसात घालायच्या, कारण ते चिन्ह तुलनेच्या आधी लागू होते. यात अर्धा तास गेला.

२० जुलै हा ४९ क्रमांकाचा आणि १५ ऑगस्ट ७५ क्रमांकाचा दिवस. तुकड्याचा शेवटचा क्रमांक धरला जात नाही, म्हणून ४९ ते ७६ असे लिहावे लागते. मी ७५ लिहून १५ ऑगस्ट गमावला होता. २७ दिवस आले की नाही हे शेप पाहून खात्री केली. प्रत्येक वर्षात निदान एक जोडी आहे का हे विचारताना अक्ष १ द्यावा लागतो. हे मी असे ध्यानात ठेवते: जो अक्ष सांगावा तो नाहीसा होतो. दिवसांचा अक्ष नाहीसा झाला, ३० वर्षे उरली. उत्तर आले १७ वर्षे.

२२ जून २०२५

उत्तर मामंजींना सांगितले. त्यांनी १९९८ चे पान मागितले, कारण त्या वर्षी नेमक्या दोन कोरड्या दिवसांत फवारणी झाल्याचे त्यांना आठवत होते आणि माझ्या यादीत ते वर्ष नव्हते. पान दोघांनी मिळून पाहिले. कोरडे दिवस होते, १५ आणि १६ ऑगस्टला. «माप सकाळी साडेआठला घेतो मी,» ते म्हणाले, «सोळाला लिहिलेला पाऊस पंधराचा असतो.»

वहीतला आकडा आदल्या सकाळी साडेआठपासून त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. ही पद्धत मला माहीत होती, मी मुलांना शिकवलीही आहे. तरी क्रमांक लावताना वहीतली तारीख हीच पावसाची तारीख असे धरले. फवारणीचा दिवस २० जुलै असेल तर त्याचा पाऊस २१ ला लिहिलेला असतो. म्हणून तुकडा ५० ते ७७ असा घ्यायला हवा, दिवस तेच २७. तसे केल्यावर १९९८ यादीत आले, दुसरे एक वर्ष गेले, आणखी एक आले. आता १८ वर्षे.

आतापर्यंत लागलेला वेळ: टंकनाच्या नऊ संध्याकाळी, ताडून पाहण्याच्या चार, चुका शोधण्यात गेलेले साधारण अकरा दिवस. खर्च ९० रुपये, त्यात आज मागच्या बाजूंच्या झेरॉक्सचे ९० मिळवले. २०२१ पासूनची पाने मामंजींचा हात थरथरू लागल्यामुळे माझ्या अक्षरात आहेत. ती उद्यापासून टंकायला घेईन.